इंचभर गाव

नामा पष्टे भिवंडीत कामाला लागला, तेव्हा त्याच्या बापानं आख्ख्या दिघाशीत सांगून टाकलं की पोरगा सरकारी नोकरीत चिकटला. झालं होतं असं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर बापानं विचारलं, "काय काम देलं रं तुला?" नामा म्हणाला, "पिक मोजायचं." आता धामणकर नाक्यामागच्या लूमवाल्यांच्या भाषेत पिक म्हणजे कापडातला आडवा धागा. शेतकऱ्याच्या कानाला पीक एकच, भाताचं. बाप उठला आणि गावभर फिरला. आठ दिवसांत चार जण दारात. "नामाला सांगा, औंदा आमच्या बाजूची आणेवारी जरा कमी धर, म्हंजे सारा माफ व्हईल." एक म्हातारा तर काकड्यांची टोपली घेऊनच आला. नामानं त्याला समोर बसवून सांगितलं, "काका, मी कापडाचं पिक मोजतू."

"कापडाचं पीक? म्हंजे कापूस? आपल्याकडं कुठं रं पिकतो कापूस?"

शेवटपर्यंत म्हाताऱ्याला उलगडा झाला नाही. काकड्या मात्र खाऊन झाल्या होत्या.

पण गंमत बघा, म्हातारा फार चुकला नव्हता. आणेवारी काढणारा तरी कुठं सगळं शेत कापतो? चार हात जागा कापतो, मळतो, मोजतो आणि तालुक्याचं पीक सांगतो. नामाचं कामही तेच. केसरीनाथशेठच्या कारखान्यात विणून उतरलेला तागा तिरक्या टेबलावर ओढायचा, टेबलाखाली ट्यूबलाइट. नामाच्या खिशात पितळेची घडीची काच असायची. उघडून कापडावर ठेवली की तिच्याखाली बरोब्बर एक इंच दिसायचा. डोळा लावायचा, सुईच्या टोकानं धागा धागा मोजायचा. बावन्न पाहिजेत तर बावन्नच भरले पाहिजेत. ताग्याच्या सुरवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटाला एकदा. तीन इंच बघायचे आणि शंभर मीटरचा हिशोब सांगायचा. दोनशे ताग्यांचा ढीग असला तर त्यातले पाच उपसायचे आणि ढीग सांगायचा. वीसहून जास्त वर्षं केलं हे काम त्यानं, आणि त्याचा शब्द शेठ पुन्हा तपासायचा नाही.

इसरार म्हणून एक विणकर होता. त्याला गावी जायची घाई, म्हणून त्यानं मशीनला हात घालून पिक कमी केले, म्हणजे तागा लवकर उतरतो. नामानं काच ठेवली. "इसरार, पचास है."

"अरे नामाभाई, एक जगह होगा पचास."

"एक जगह नहीं. जहाँ देखा वहाँ पचास, तो जहाँ नहीं देखा वहाँ भी पचास."

इसरारनं कपाळावर हात मारला. "या अल्लाह, इस आदमी की काँच में जिन बैठा है!" तेव्हापासून कारखान्यात नामाचं नाव पडलं जिनवाला.

पिकाबरोबर गाठीही बघायच्या असतात. धागा तुटला की विणकर गाठ मारतो. चांगली मारलेली गाठ कापडात मुरून जाते, वाईट वर राहते. नामा डोळे मिटायचा, ताग्यावरून तळहात फिरवायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "हितं." काच ठेवून बघावं तर तिथं खसखशीएवढी गाठ. बघणारे चाट पडायचे.

तर असा हा माणूस. आता गावातल्या वहीचं सांगतो, कारण सगळं पुढं त्या वहीनंच घडवलं.

सरकारची एक मोजणी असते. देशातली थोडी गावं, थोडे वॉर्ड चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, आणि तिथलं प्रत्येक जन्म-मरण वर्षानुवर्षं लिहीत राहतात. दिघाशी त्यात निघाली. शाळेतले गुरुजी ते काम करायचे. त्यांची बदली झाली, तेव्हा ठाण्याचे साहेब सरपंचाला म्हणाले, असा माणूस द्या ज्याचं अक्षर बरं आहे आणि जो अंदाजपंचे लिहीत नाही. सरपंच म्हणाला, "एक हाय. इंचातले धागे मोजतो."

सातवी पास नामाला वही मिळाली. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी तो घरोघर फिरायचा. गावात मरण झालं असेल तर एक जादा कागद भरायचा असे. त्यात ओळी आखलेल्या आणि वर सूचना: घरच्यांच्याच शब्दांत लिहा. नामाला हे फार आवडलं. शब्द घरच्यांचे तर घरच्यांचे! पंढरीचा बाप गेला, तेव्हा पंढरी म्हणाला, "देवानं बोलावलं." नामानं लिहिलं, 'देवानं बोलावलं. बोलावण्याआधी तीन दिवस छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, घाम. देवानं पहाटे बोलावलं तेव्हा म्हातारा उठून पाणी प्याला होता.' असं सगळं तपशीलवार. मुंबईला एक संशोधन केंद्र होतं. तिथले दोन-दोन डॉक्टर प्रत्येक कागद वेगवेगळा वाचायचे आणि मरणाचं कारण ठरवायचे. त्यांच्यात दिघाशीचे कागद हातोहात फिरायचे म्हणे, पण हे नामाला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढं दोन हजार तीन साल उजाडलं, आणि वहीतल्या सदतीस नंबरच्या घरात मरण झालं. सदतीस नंबर नामाचंच घर.

नामाची बायको काशी गेली. वय चव्वेचाळीस. भाताची आवणी असो, झोडणी असो, गावात हिच्याइतका उरक कुणाला नव्हता. तिच्या छातीत उजवीकडे गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून ती बोलली नाही. आणि लाजली म्हणूनही बोलली नाही. हात सुजून बांगडी कापायची वेळ आली तेव्हा नामाला कळलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नामाला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतो तेव्हा माणसाला सगळं समजतं. पाच महिन्यांत खेळ आटोपला. शेवटी शेवटी रोग यकृतात उतरला आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

ताग्यातली खसखशीएवढी गाठ हाताला लागणारा माणूस. घरातली सुपारीएवढी झाली तरी त्याला लागली नाही. महिनाभर तो टेबलावर गेला की ताग्यावर हात ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. इसरार गुपचूप येऊन तागा पुढं ओढून द्यायचा.

दिवसकार्य झालं आणि नामा कागद भरायला बसला. थोरली बहीण आक्का शेजारी तांदूळ निवडत होती. आक्का लहान वयातच नवरा गेल्यावर माहेरी आलेली. घर तिच्या धाकात.

"काय लिवतस?"

"झालं ते."

"नाम्या, पोर लग्नाची हाय घरात." आक्कानं सूप खाली ठेवलं. "त्या रोगाचं नाव काडलंस तर लोक म्हनतील आईला होता, उद्या पोरीला व्हईल. कोन उभं राहील दारात? डोळे पिवळे झालते की न्हाय?"

"झालते."

"मंग कावीळ लिव. काविळीला कुनी नाव ठेवत न्हाय."

माधवी आतल्या खोलीत होती. वीस वर्षांची पोर. नामानं एकदा त्या दाराकडे बघितलं आणि लिहिलं: 'मयत काशी नामा पष्टे. कावीळ झाली. डोळे पिवळे. भूक नाही.' पण हाताला वीस वर्षांची सवय. जे दिसलं ते गाळायला हात तयार होईना. म्हणून पुढं आणखी तीन शब्द उतरले: 'उजवा हात सुजला.' आणि कागद गेला.

वर्ष उलटलं. माधवीला खारबावच्या शेलारांकडून मागणी आली. मुलगा कुमार, गोदामात सुपरवायझर, निर्व्यसनी. मुलाची आई राहीबाई मात्र नावाजलेली. तिनं दोन सोयरिकी चहाच्या कपावरून मोडल्या होत्या असं लोक सांगायचे; एका घरी कपाचा कान तुटका होता, दुसऱ्या घरी चहा नासका. इथं तिला माधवी एका नजरेत पसंत पडली. तिनं फक्त एकच विचारलं होतं, "पोरीची आई कशानं गेली?" आणि आक्कानं सांगितलं होतं, "कावीळ, ईनबाई. चार दिसांत होत्याचं न्हवतं झालं."

साखरपुड्याच्या आधीचा शुक्रवार. राहीबाई तीन साड्या घेऊन आली होती, कुठल्या रंगावर पोर खुलते ते बघायला. आक्कानं नवे कप काढले होते, कान तपासून. इतक्यात दारात जीप थांबली आणि एक बाई उतरल्या. सुती साडी, डोळ्यांना चष्मा, हातात फाइल. "नामा पष्टे इथंच राहतात का? मी डॉक्टर विनिता. मुंबईहून आले."

आक्का विजेसारखी पुढं झाली. "आमच्यात ल्हान पोर न्हाय. डोस पाजायचा आसंल तर फुडल्या घरी जावा."

"डोसाचं नाही हो आजी. त्यांनी भरलेल्या एका कागदाबद्दल—"

"म्याडम, चला, खळ्यावर बसू," असं म्हणत नामा चपला न घालताच बाहेर आला.

खळं घरामागे होतं. रिकामं, शेणानं सारवलेलं, कडेला एक दगड. बाई निवांत दगडावर बसल्या आणि हसल्या. "देवानं बोलावलं तेव्हा म्हातारा उठून पाणी प्याला होता. तुम्हीच लिहिलंत ना? आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे ते वाक्य. किती वेळा मी इतरांना म्हटलंय, असं लिहायला शिका." मग त्यांनी फाइल उघडली आणि आवाज उतरला. "पष्टेभाऊ, शंकेचे कागद पुन्हा जाऊन तपासायचे, असा आमचा नेम आहे. हा तुमच्या घरचा आहे, म्हणून मी स्वतः आले. कावीळ एकच हात सुजवत नाही."

नामानं पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरलं.

"नवरा म्हणून तुम्हाला विचारत नाही. मोजणारा माणूस म्हणून विचारते. काय होतं?"

मग नामा म्हणाला, "म्याडम, पोरीचं लगीन ठरतंय. ती बाई घरात बसलीय. एका बाईचं काय ते कावीळ लिवलं, तर एवढ्या मोठ्या देशाला काय धाड भरनार हाय?"

"एक बाई नाही," विनिताबाई म्हणाल्या. "दीडशे."

"कुठल्या दीडशे?"

"देशात सगळी मरणं काही आम्ही विचारायला जाऊ शकत नाही. म्हणून थोडी गावं घेतली. दीडशे माणसांत एक माणूस, असा साधारण हिशोब बसतो. तुमच्या वहीत एक मरण लिहिलं की देशातली तशी दीडशे मरणं आम्ही धरतो. काशीबाईंच्या जागी तुम्ही कावीळ लिहिलीत, तेव्हा दीडशे बायकांचा रोग पुसला गेला. त्या गेल्याच, पण कशानं गेल्या ते कुणाला कळणार नाही."

नामानं मान वर केली. त्याचा चेहरा असा झाला होता की बाईंना वाटलं याला भोवळ येतेय. तो हळूच म्हणाला, "थांबा म्याडम. म्हंजे आमचं गाव... इंच हाय?"

"काय?"

त्यानं खिशातून काच काढली, उघडली आणि त्यांच्या पदरावर ठेवली. "बघा. एवढा मी मोजतू आन् तागा सांगतू. तुमी आमचं गाव मोजता आन् देश सांगता?"

विनिताबाईंनी काचेला डोळा लावला. आपल्याच पदराचे धागे दोरखंडासारखे उभे-आडवे बघून त्या चकित झाल्या. "अगदी हेच," त्या म्हणाल्या. "मी विद्यार्थ्यांना चार चार तास शिकवते. ही काच माझ्याकडे असती तर एका मिनिटात झालं असतं."

नामा उठून उभा राहिला. खळ्यावरून गाव दिसत होतं. तीच कौलं, तीच चिंच, मारुतीच्या देवळाचा पांढरा कळस, पंढरीची म्हैस. रोजचंच. पण आज त्याला वाटलं, कुणीतरी वरून हे एवढंसं गाव भिंगाखाली धरलंय, आणि इथला एकेक धागा तिकडं देशभर लांब लांब गेलाय. देवळाकडून फाट्याकडं जाणाऱ्या वाटेवर त्याला काशी दिसली, डोक्यावर भाताचा भारा. तिच्यामागे दुसरी बाई. तिच्यामागे तिसरी. कुणी नऊवारीतली, कुणी घागऱ्यातली, कुणाच्या डोक्यावर भलतीच पगडीसारखी चुंबळ. अशा दीडशे. फाट्यापर्यंत रांग गेली होती आणि प्रत्येकीचा उजवा हात सुजलेला होता.

"म्याडम," तो म्हणाला, "आन् हे मोजून करता काय तुमी?"

"पुढचं सांगतो. दर काढतो. म्हणजे एक लाख बायका धरल्या, तर त्यांत वर्षाला किती जणींना रोग होतो आणि किती जातात. मग पुढं दोन हजार वीस साली किती होतील, ते मांडतो."

"वीस सालचं आत्ता? भगतासारखं?"

"भगत कोंबडं मागतो. मी फक्त वही मागते."

इतक्या गंभीर वेळीही नामाला हसू फुटलं. मग तो विचारात पडला. "जमंल, जमंल. लूमवर बीम असतो, ताण्याचा मोठा रूळ. जुना विनकर त्याची जाडी बघून सांगतो, अजून किती तागे निघतील. एक म्हंजे एक चुकत न्हाय. पन त्याच्यासाठी आत्ताचा एक तागा किती सूत खातो ते बरोबर ठावं पायजे."

"तेच. आत्ताचं चुकलं की पुढचं चुकलं. आणि अजून एक. दर वाढला नाही तरी आकडा वाढणार आहे, कारण माणसं वाढली, शिवाय पूर्वीपेक्षा जास्त जगायला लागली, आणि हा रोग वयाबरोबर येतो."

"लूम वाढले की तुटके धागे वाढनारच. सूत तेच असलं तरी."

विनिताबाईंनी फाइल मिटली. "पष्टेभाऊ, तुम्ही वही लिहायला कसे लागलात? तुम्ही आमच्याकडेच यायला हवं होतं."

पण नामाचं लक्ष नव्हतं. तो बोटांवर मोजत होता. "वीस साल... माधवी सदतीस वर्षांची असंल. चाळिशीला टेकलेली."

"त्या वेळी इस्पितळात किती खाटा लागतील, किती मशीन लागतील, तपासायला किती बायका शिकवाव्या लागतील, हे त्या आकड्यावर ठरायला हवं. ठरवणारे ठरवतील की नाही, ते माझ्या हातात नाही. आकडा खरा देणं माझ्या हातात आहे. म्हणजे तुमच्या."

नामानं काच घडी करून खिशात ठेवली. पन्नास असताना बावन्न लिहिले, असं आजवर त्यानं कुणासाठी केलं नव्हतं. इसरारसाठी नाही, खुद्द शेठसाठीही नाही. आणि लिहिलं ते काशीच्या बाबतीत. तो घराकडे चालू लागला. विनिताबाई मागून म्हणाल्या, "मी कागद नंतर गुपचूप दुरुस्त करू शकते. आत जाऊन सांगायची गरज नाही." ते खरं होतं. पण तो थांबला नाही. पोरीला त्या घरात आयुष्यभर कावीळ सांभाळत बसावं लागलं असतं.

आत माधवीच्या खांद्यावर मोरपंखी साडी टाकलेली होती. राहीबाई मान तिरकी करून बघत होती.

"राहीबाई," नामा उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "माधवीची आई काविळीनं न्हाय गेली. छातीत गाठ हुती तिच्या. कॅन्सर. मी खोटं लिवलं, आन् आक्का तुमच्याशी खोटं बोलली ती माझ्यामुळं."

आक्काच्या हातातला कप बशीवर वाजला. माधवीनं साडी खांद्यावरून काढून घडी घालायला घेतली. राहीबाई सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिली. मग म्हणाली, "वरीसभर झाकलंत. आन् आज साखरपुडा तोंडावर आल्यावर तोंड उघडलंत?"

"एक बाई असती तर झाकलं असतं अजून. दीडशे हायत."

"कोन दीडशे?"

नामानं सांगितलं. त्याला जसं समजलं तसं; इंच, तागा, काशीच्या मागची रांग, सगळं. विनिताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. राहीबाई ऐकता ऐकता खाली बसली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं.

"माझी भन," ती म्हणाली. "वाडा तालुक्यात देलेली. ती बी अशीच गेली. हितंच गाठ." तिनं आपल्या छातीवर हात ठेवला. "तिच्या दाल्ल्यानं ताप सांगितला, आमी बी ताप सांगितला. सोळा-सतरा वर्सं झाली, मी घरात कुमारला बी बोलली न्हाय." मग ती दाराकडे वळली. "ओ डॉक्टरीनबाय, माझी भन हाय का त्या दीडशेत?"

विनिताबाई जरा अडखळल्या. "वर्ष वेगळं आहे... आणि आमच्या हिशोबात नावं नसतात, फक्त—"

"हाय," नामा म्हणाला. "इंचाभायेरचा धागा बी ताग्यातच असतो."

राहीबाईनं त्याच्याकडे बघितलं. "मंग वही काड. माझ्यासमोर लिव. नीट लिव. काशीबाईच्या मागं माझी भन उभी हाय."

नवा कागद निघाला. नामा लिहायला बसला. गाठ, उजवी बाजू, हात सुजला, डोळे पिवळे. मध्येच एक रकाना आला आणि पेन थांबलं: आजार किती महिने होता? नामाला फक्त पाच महिने ठाऊक होते. त्याआधीचं काशीनं पोटात ठेवलं होतं.

"एकोनीस महिने," माधवी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिची मान खाली, हात मोरपंखी साडीच्या घडीवर. "आई चोळ्या माझ्याकडून उसवून घ्यायची. उजव्या बाजूनं सैल कर म्हनायची. पयली चोळी मी सैल केली ती माघी गणपतीला. मी इचारलं तर बोलली, जाड झाले मी." मग तिनं मान वर केली. "मी मोजून ठेवलंय, बाबा. कुनी इचारलंच न्हाय."

नामानं आकडा लिहिला. राहीबाई उठली, माधवीच्या हातातली घडी उलगडली आणि साडी पुन्हा तिच्या खांद्यावर टाकली. "हाच रंग," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलते, झ्याक हाय. बापाला जरा उशीर लागतो." आणि आक्काकडे वळून, "आन् तुमी, आक्काबाय! एवढं कावीळ-कावीळ केलंत, मी कुमारला नळाचं पाणी उकळून पाजतेय तवापास्नं!"

आक्का पदरात तोंड घालून हसली की रडली, कुणाला कळलं नाही.

जायला निघालेल्या विनिताबाईंना राहीबाईनं अडवलं. "बसा की. ती गाठ दुखत तर न्हाय, मंग बाईला कळावी कशी?" बाई म्हणाल्या, दाखवते. नामाला बाहेर काढलं, दार लावलं. तो ओट्यावर बसून राहिला. आतून आधी कुजबूज, मग आक्काचा ठसका ऐकू आला, "अगं बया, ह्या वयात मला काय बघतेस!" आणि मग चौघींचं हसणं.

माधवीचं लग्न झालं. नामा कारखान्यात पिक आणि गावात माणसं मोजत राहिला. पुढं दोन हजार नऊच्या सुमारास पोस्टातून एक जाड पुस्तिका आली, सगळी इंग्रजी. आत चिठ्ठी: 'पष्टेभाऊ, यात तुमची वही आहे. पान एकतीस बघा. विनिता.' माधवी तेव्हा पोराला घेऊन माहेरी आलेली. ती आणि नामा एकतीस पानावर वाकले. चौकोनात काशीच्या रोगाची एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. खाली सालं लिहिलेली. अर्ध्यापर्यंत रेघ अखंड, आणि पुढं नुसती टिंबं टिंबं.

आक्कानं लांबूनच विचारलं, "काशी कुठं हाय यात?"

नामानं अखंड रेघेवर, तीन सालाच्या वर बोट टेकलं. आक्का जवळ आली, वाकून बघितलं, आणि देवाला करतात तसा त्या कागदाला नमस्कार केला.

नामा मात्र टिंबांकडे बघत होता. त्याला ते खटकत होतं. "हितून फुडं धागा तुटलाय."

माधवीनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं, टिंबांखालची सालं वाचली. "तुटला न्हाय बाबा. अजून इनायचाय."

नामानं खिशातून पितळेची काच काढली, उघडली आणि पानावर ठेवली. भिंगाखाली टिंबं मोठी झाली, वाटाण्याएवढी, वेगवेगळी. एका टिंबाला एक साल. सुईचं टोक पहिल्या टिंबावर टेकवून तो मोजायला लागला, माधवीच्या चाळिशीपर्यंत.